पेरणीआधी माती तपासता, मग कमरेला टेप का नको?



बोंडे पोखरल्यावर फवारणीला धावणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. शहाणा शेतकरी आधीच चार झाडे उलटून पाहतो, अळ्या मोजतो. गेली तीस वर्षे मी हेच गावोगाव सांगत आलो. स्वतःच्या देहाच्या बाबतीत मात्र विसरलो.

मागच्या वर्षी कामानिमित्त प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो होतो. डॉक्टरांनी सहज माझ्या कमरेला टेप लावली, तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "साहेब, शंभरपैकी ऐंशी! इथे जास्त गुण म्हणजे नापास." दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिले. साखर 114 निघाली. मधुमेह नव्हे, पण त्याचा उंबरठा. उपाशीपोटी साखर 100 ते 125 असेल तर तिला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात; 126 च्या पुढे मधुमेहाची शंका. मला तर काहीच त्रास नव्हता. इथेच फसगत होते.

"आम्ही कष्टकरी, आम्हाला कुठली साखर?" असे म्हणू नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत शंभरातले सुमारे पंधरा प्रौढ या अवस्थेत आढळले, आणि त्यात खेडे व शहर जवळजवळ बरोबरीने होते. आजोबा मोट हाकत, आपण पंपाचे बटण दाबतो. बैल गेले, ट्रॅक्टर आला. कष्ट घटले, ताटातला भात आणि गोड चहा मात्र तेवढाच राहिला.

तेव्हा आज घरीच हिशेब मांडा. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली हे गुण ठरवले.

वय : 35 च्या आत 0, 35 ते 49 ला 20, पन्नाशीपासून 30.

कंबर : पुरुषांची 90 सेंटिमीटरच्या आत 0, 90 ते 99 ला 10, पुढे 20. बायकांची 80 च्या आत 0, 80 ते 89 ला 10, पुढे 20. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरा. पोट आत ओढू नका. फसवणूक स्वतःचीच होईल.

हालचाल : बैठे काम आणि व्यायामही नाही तर 30. अंगमेहनत वाढेल तसे गुण घटत शून्यावर येतात.

आईवडील : दोघांनाही मधुमेह नसेल तर 0, एकाला असेल तर 10, दोघांना असेल तर 20.

बेरीज 60 वा जास्त आली तर धोका मोठा; 30 ते 50 मध्यम. हे गुण मुळात लपलेला मधुमेह हुडकण्यासाठी बनवले. पण याच चार गोष्टी उंबरठ्यावरच्या माणसाचाही माग देतात. गुण म्हणजे निदान नव्हे. माती परीक्षणासारखे खरे उत्तर रक्ततपासणीच देते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ती करून घ्यावी. आशाताई अर्ज भरायला आल्या की कामाचे निमित्त सांगून टाळू नका.

आणि उंबरठ्यावरून मागे फिरता येते. आपल्याच देशातल्या, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा लोकांवर तीन वर्षे लक्ष ठेवले. नेहमीसारखे वागणाऱ्या शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला. आहार सांभाळून रोज चालणाऱ्यांत 39 जणांना. म्हणजे शंभरात सोळा घरे वाचली.

मी चहातली साखर सोडली, भात निम्मा केला, त्या जागी भाजी आणि उसळ वाढवली. रोज सकाळी अर्धा तास झपझप चालतो. सहा महिन्यांनी कंबर चार सेंटिमीटर उतरली, साखर 98 वर आली. तरी दरवर्षी तपासणी चुकवणार नाही. तण एकदा उपटले म्हणजे संपले असे नसते.

पाण्याआधी वळण बांधावे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आज रात्री जेवणाआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कमरेला टेप लावा. घरच्या लक्ष्मीची कंबर तेवढी मोजायची राहू देऊ नका.