प्रशासन आंतरपृष्ठ, स्वयंनिर्मित

प्रशासन आंतरपृष्ठ, स्वयंनिर्मित : संगणकात साठविलेल्या नोंदी पाहणे, नवी नोंद करणे, तीत बदल करणे व ती काढून टाकणे यांसाठी आधारसामग्रीच्या वर्णनावरून आपोआप तयार होणारी पृष्ठे. महाजालावरील अनुप्रयोग रचण्याच्या अनेक फ्रेमवर्कांत ही सोय असते.

कार्यपद्धती : आज्ञावलीकार तक्त्यातील प्रत्येक रकान्याचे नाव, त्याचा प्रकार व इतर तक्त्यांशी असलेला संबंध एकदाच लिहून ठेवतो. त्यावरून फ्रेमवर्क दिनांकासाठी दिनदर्शिका, ठराविक पर्यायांसाठी निवडसूची व मजकुरासाठी मोकळी चौकट मांडते. त्यामुळे प्रत्येक तक्त्यासाठी वेगळा अर्ज हाताने लिहावा लागत नाही.

इतिहास : डेटाबेसमधील तक्ते थेट हाताळू देणारे ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’ १९९८ मध्ये निघाले. ‘रूबी ऑन रेल्स’ने (२००४) अर्जांची प्राथमिक आज्ञावली तयार करून देणारी ‘स्कॅफोल्ड’ ही सोय लोकप्रिय केली. ‘जँगो’चा उगम २००३ मध्ये लॉरेन्स (कॅन्सस, अ. सं. सं.) येथील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला व २००५ मध्ये ते सर्वांस खुले करण्यात आले. त्यातील प्रशासन आंतरपृष्ठ विशेष प्रसिद्ध आहे.

मर्यादा : अशा आंतरपृष्ठास तक्त्याची रचना कळते, कामाची रीत कळत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील कापूस, तूर वा सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा सातबारा हे याचे बोलके उदाहरण होय. गाव नमुना सातमध्ये जमिनीवरील अधिकार व गाव नमुना बारामध्ये पिके नोंदविली जातात. त्यांचे रकाने ठरलेले असल्याने त्यांवरून अर्ज सहज निर्माण होईल. मात्र त्या अर्जात खातेदाराचे नाव एका कळीसरशी बदलता येईल व भोगवटादार वर्ग दोनचा वर्ग एकही करता येईल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे तसे करता येत नाही. खातेदार मरण पावल्यास वारसांची नोंद फेरफार नोंदवहीत (गाव नमुना सहा) होते. हितसंबंधितांस सूचना दिली जाते. हरकत आल्यास तिची चौकशी होते. महसूल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यानंतरच सातबारा बदलतो. पीककर्ज व भूसंपादनाचा मोबदला या उताऱ्याच्या आधारे मिळत असल्याने चुकीच्या नावाची झळ थेट कुटुंबास बसते.

या कारणाने अधिकार-अभिलेखासाठी केवळ रकान्यांवरून बनलेला अर्ज पुरत नाही. महाराष्ट्रातील ‘ई-फेरफार’ या संगणकीय प्रणालीत नोंद, सूचना व प्रमाणन हे टप्पे राखलेले आहेत. जँगोतही नोंद पाहणे, घालणे, बदलणे व काढणे यांचे परवाने वेगवेगळे देता येतात आणि कोणी काय बदलले याची नोंद राहते. तथापि ते आंतरपृष्ठ संस्थेच्या अंतर्गत कामापुरतेच वापरावे, असे त्याच्या निर्मात्यांनी सुचविले आहे. गावांची नावे वा पिकांचे प्रकार यांसारख्या साध्या सूच्यांसाठी ते सोयीचे ठरते. हक्क बदलणाऱ्या नोंदीसाठी मात्र कायद्यातील टप्पे आज्ञावलीत स्वतंत्रपणे लिहावे लागतात.