दुसुतीवरची कोयरी

दुसुतीच्या कापडावर ज्यांनी कधी भरतकाम केले आहे, त्या भगिनींना आमचे आजचे म्हणणे चटकन उमगेल. त्या चौकटीदार विणीवर फुलीच्या टाक्याने तुळशीवृंदावन काढणे सोपे. पण कोयरी किंवा मोराची मान आली की टाका वळत नाही. एक घर पुढे, एक घर वर, अशी पायऱ्यापायऱ्यांनीच ती गोलाई साधावी लागते. दुरून पाहावी तर मान डौलदार, जवळून पाहावी तर जिना!

रडार, मोबाइलचा अँटेना अशा वस्तू हल्ली धातू कापण्यापूर्वी संगणकात रचून पाहतात. तेथे हीच अडचण उभी राहते. विद्युतचुंबकीय लहरींची मॅक्सवेलची समीकरणे संगणकाला सोडविता यावीत म्हणून केन यी यांनी १९६६ साली एक पद्धत मांडली. सारे अवकाश लहान लहान विटांत विभागावयाचे. विटेच्या कडांवर विद्युत क्षेत्र, बाजूंच्या मध्यावर चुंबकीय क्षेत्र धरावयाचे आणि काळाच्या छोट्या पावलांनी एकावरून दुसरे काढीत जावयाचे. पद्धत इतकी सरळ की आजही ती प्रचारात आहे. मात्र गोल वस्तूही विटांनीच रचावी लागते.

कोणी म्हणेल, विटा बारीक करा, झाले! श्रमाचा प्रश्न आहेच. विटेची बाजू निम्मी केली की विटा आठपट होतात, काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते, म्हणजे काम सोळापट. पण खरी मौज निराळीच आहे. एक मीटर व्यासाचे वर्तुळ घ्या. त्याचा परीघ सुमारे ३.१४ मीटर. तेच पायऱ्यांनी काढून सर्व आडव्या-उभ्या तुकड्यांची बेरीज करा. ती चार मीटर भरते. पायऱ्या शंभरपट बारीक केल्या तरी चारच! क्षेत्रफळ खऱ्याच्या जवळ येत जाते, लांबी तसूभरही हलत नाही. विटांनी रचलेल्या चेंडूचे पृष्ठफळही असेच खऱ्याच्या दीडपट राहते.

हा केवळ गणितातला विनोद नव्हे. धातूच्या पोकळ गोलात कोंडलेल्या लहरी कोणत्या कंप्रतेला घुमतील, हे बारीक विटा उत्तम सांगतात. पण भिंतीतून वाहणारा प्रवाह किती शक्ती उष्णतेत घालवील, असे विचारले तर प्रवाह त्या खोट्या पायऱ्या चढत-उतरत जातो आणि विटा कितीही बारीक केल्या तरी उत्तर चुकलेलेच राहते. एकाच नमुन्याचे एक उत्तर भरवशाचे, दुसरे नाही. पडद्यावरील रंगीत चित्र मात्र दोन्ही वेळा तितकेच गुळगुळीत! आम्हांस हीच गोष्ट धास्तीची वाटते.

सुप्रियो डे आणि राज मित्रा यांनी १९९७ साली काढलेली तोड भरतकामातल्या अर्ध्या टाक्यासारखी आहे. वक्ररेषा जी वीट कापते, तिच्या कडेची आणि बाजूची धातूबाहेर उरलेली लांबी-रुंदी तेवढीच हिशेबात धरावयाची. उरलेला तुकडा अगदीच चिमुकला असला तर गणित भडकते, हा भाग वेगळा.

दुसरा पंथ विटाच सोडून देतो. सदाशिव राव, डोनाल्ड विल्टन आणि ॲलन ग्लिसन यांनी १९८२ साली धातूचे पृष्ठ त्रिकोणांनी मढवून त्यांवरील प्रवाह मोजण्याची रीत दिली. यांतील राव हे आमच्या हैदराबादकर वाचकांच्या उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. त्रिकोण हवे तसे कलतात. फार निमुळते होऊ दिले नाहीत तर पृष्ठफळही खऱ्याकडे सरकते.

संगणकाच्या मर्यादेने वस्तूचाच आकार ठरविल्याचे उदाहरण तर प्रत्यक्ष आकाशात उडाले. १९७०च्या दशकात अमेरिकेतील लॉकहीड कंपनीत डेनिस ओव्हरहोल्सर यांनी रडारला न दिसणाऱ्या विमानासाठी आज्ञावली रचली. सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिमत्सेव यांच्या १९६२ सालच्या ग्रंथातील कडांविषयीचा सिद्धान्त तिच्या कामी आला. परंतु तेव्हाच्या संगणकाला सपाट पृष्ठांचाच हिशेब झेपत होता. म्हणून १९८१ साली प्रथम उडालेले एफ-११७ विमान हिऱ्यासारखे पैलूदार झाले. वाऱ्याला न मानवणारा तो आकार. संगणक सतत सावरीत असल्याखेरीज ते हवेत स्थिर राहत नसे. १९८९ साली उडालेल्या बी-२ विमानाला मात्र तसे पैलू नाहीत. तोवर वक्रपृष्ठांचे गणित संगणकाच्या आवाक्यात आले होते, आणि त्या विमानाचे अंग कोयरीसारखे सलग वळत गेले आहे.