नळाचे शेवटचे टोक

चावीवाल्याच्या खांद्यावर छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी असते. रस्त्यातले झाकण उचलायचे, चावी खाली सोडून झडपेच्या माथ्यावर बसवायची आणि मोजून आटे फिरवायचे. किती आटे दिले म्हणजे कुठल्या गल्लीत किती जोराने पाणी जाते, हे त्याला तोंडपाठ असते. मुंबईतल्या गोवंडीच्या शिवाजीनगरात आणि बैंगनवाडीत घराघराचा दिवस या आट्यांवर बेतलेला आहे. पाण्याची वेळ झाली की दाराबाहेर निळे ड्रम, कळश्या, तेलाचे रिकामे कॅन मांडले जातात. पहिली काही मिनिटे येणारे गढूळ, वासाचे पाणी सोडून द्यायचे आणि मग भरायला घ्यायचे, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. ज्याच्याकडे मोटर आहे तो मोटर लावतो आणि गल्लीच्या शेवटच्या घरातली धार करंगळीएवढी होते.

चावीच्या या टोकापासून मागे मागे गेलो, तर आपण देशातल्या सगळ्यात जुन्या आणि भव्य जलव्यवस्थांपैकी एकीच्या उगमाशी पोचतो. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, तानसा १८९२ चा. अभियंता मोडक यांचे नाव मिळालेला मोडक सागर १९५७ चा. त्यानंतर अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा. सात जलाशयांचा मिळून उपयुक्त साठा १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर. यातले बरेचसे पाणी शंभर किलोमीटर अंतर निव्वळ उताराच्या जोरावर कापते. भातसाचे मात्र पिसे येथे पंपाने उचलावे लागते. भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांतून गेलेले साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी रोज शहराला मिळते. भांडुपच्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी उत्तम असते, हे मी निःशंकपणे लिहितो. जल अभियंता खात्याच्या पिढ्यांनी उभे केलेले हे काम आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे.

गोवंडी या व्यवस्थेच्या शेपटाला आहे. गोवंडी ज्यात येते त्या महापालिकेच्या एम पूर्व विभागाचे पाणी ट्रॉम्बेच्या टेकडीवरच्या सेवा जलाशयांतून येते. एक उच्चस्तरीय, एक निम्नस्तरीय. आपण त्यांना टाक्या म्हणतो. दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार असले की महापालिकेचे पत्रक निघते. त्यात रफिकनगर, बाबानगर, लल्लूभाई कंपाउंड, मंडाला, महाराष्ट्रनगर अशी नावे ओळीने येतात आणि शेवटी 'पाणी उकळून व गाळून प्यावे' ही सूचना असते. ज्या घरात गॅसचा सिलिंडर महिनाभर पुरवायचा असतो, तिथे पाणी उकळणे हाही खर्चच आहे.

या टाक्यांपर्यंत पाणी भरवशाने पोचावे म्हणून महापालिकेने गेल्या दशकात मोठे काम हाती घेतले. चेंबूरच्या अमर महाल चौकाजवळच्या हेडगेवार उद्यानातून जमिनीखाली शंभर मीटरहून खोल कूपक उतरवला. तिथून ट्रॉम्बेच्या उच्चस्तरीय जलाशयापर्यंत सुमारे साडेपाच किलोमीटरचा जलबोगदा खणायला घेतला. त्याच कूपकातून दुसऱ्या दिशेला वडाळामार्गे परळपर्यंत ९.७ किलोमीटरचा बोगदा. काम टीबीएमचे, म्हणजे बोगदा खणणाऱ्या अजस्र यंत्राचे. त्याचे फिरते तोंड बेसॉल्ट कापत पुढे सरकते आणि मागे राडारोड्याच्या वाघिणी रुळांवरून कूपकाकडे जातात. वर बीएआरसी, आरसीएफ, रेल्वे, वस्ती, रहदारी. खाली अडीच मीटर व्यासाची पाण्याची वाट. या दशकाच्या सुरुवातीला खोदकामाचे टप्पे पार पडले, तेव्हा वर्तमानपत्रांत यंत्र खडक फोडून बाहेर पडल्याची छायाचित्रे आली होती. हे तंत्रज्ञान मुंबईच्या अंगवळणी पडले आहे. गुंदवली ते भांडुप आणि मरोशी ते रुपारेल हे बोगदे आधीच चालू आहेत.

बोगद्याची बाजू भक्कम आहे. जमिनीवरची जुनी जलवाहिनी गंजते, तिच्यावर झोपड्या बसतात, तिला भोके पाडली जातात. शंभर मीटर खाली यातले काही घडत नाही. काही घडत नाही असे म्हणतानाही थोडे थांबले पाहिजे. २०२२ साली ठाण्यात कोणीतरी कूपनलिका खणली आणि ती थेट गुंदवली–भांडुप बोगद्यात घुसली. दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून महिनाभर अख्ख्या मुंबईवर पंधरा टक्के पाणीकपात आली. तरीही बोगदे हवेतच.

माझे म्हणणे टाकीच्या पुढच्या प्रवासाविषयी आहे.

शिवाजीनगर ही आपोआप उगवलेली वस्ती नव्हे. १९७० च्या दशकात शहरातल्या झोपड्या पाडून माणसांना इथे, १९२७ पासून चालू असलेल्या देवनार कचराभूमीच्या कुशीत, आखीव भूखंड देऊन बसवले. रस्त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. जमीन खाडीकाठची, भराव टाकलेली, खारट. अशा जमिनीत लोखंडी नळ लवकर गंजतो आणि भराव खचला की सांधा सुटतो. वस्ती वाढली, पोटमाळे चढले, पण वाहिनी मात्र त्या मानाने रुंदावली नाही. मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची अर्ध्या-पाऊण इंचाची नळी रहिवाशांनी स्वतःच्या पैशाने ओढायची. म्हणून गटाराच्या कडेने, कधी गटारातूनच, नळ्यांचे जुडगे गेलेले दिसते. पाच-पाच, पंधरा-पंधरा घरांची एक गट जोडणी, तिचा एक सेक्रेटरी, एक बिल. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात २४ विभागांमध्ये एम पूर्व तळाला होता. त्या तळाची एक पायरी गटारातल्या या नळ्यांपाशी आहे.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ लिसा ब्योर्कमन यांनी याच शिवाजीनगर-बैंगनवाडीत राहून-फिरून मुंबईच्या पाण्याचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक २०१५ मध्ये आले. नळाला पाणी का येत नाही याचे नेमके उत्तर खुद्द अभियंत्यांकडेही नसते, कारण जमिनीखाली काय चालले आहे हे मोजण्याची सोयच अपुरी आहे, असे त्यांना वारंवार आढळले. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. टाकीत किती पाणी आले हे कळते. गल्लीत किती गेले हे कळत नाही.

मोजणे इतके अवघड का, हे जरा खोलात जाऊन पाहू. गळती शोधण्याची जुनी रीत म्हणजे ध्वनिदंड. रात्री रहदारी थांबली की वाहिनीवर लोखंडी दांडा टेकवायचा आणि त्याच्या वरच्या टोकाला कान लावायचा. दाबाखालचे पाणी फटीतून निसटताना बारीक फुसफुस करते. तरबेज कान त्यावरून जागा सांगतो. नव्या रीतीत वाहिनीच्या दोन ठिकाणी संवेदक लावतात. गळतीचा आवाज दोन्हीकडे किती अंतराने पोचला, यावरून यंत्र गळतीची जागा काढते. पण दोन्ही रीतींना एक अट आहे. वाहिनीत पाणी हवे आणि त्याला दाब हवा. जिथे दिवसातून तास-दोन तासच पाणी येते आणि तेही मोटरी खेचून घेतात, तिथे ऐकायला वेळ किती मिळणार? त्यात प्लास्टिकच्या नळीत आवाज लांब जात नाही आणि जुडग्यात कुठली नळी कोणाची, हे सांगणारा नकाशा नाही.

मीटरचीही तीच गत. पाणी बंद झाले की नळीत हवा भरते. पुन्हा सुरू झाले की आधी हवा सुटते आणि मीटरचे चक्र हवेनेही फिरते. घरमालकाला न मिळालेल्या पाण्याचे बिल येते आणि त्याचा मीटरवरचा विश्वास उडतो. आणखी एक अपाय डोळ्यांना दिसत नाही. पाणी बंद असताना रिकाम्या वाहिनीत पोकळी होते, ती बाहेरचे ओढून घेते आणि बाहेर गटार असते. सकाळचे ते पहिले गढूळ पाणी इथून येते. भांडुपला निर्मळ केलेले पाणी शेवटच्या पाव किलोमीटरमध्ये नासते.

मुंबईच्या पाण्यातला पाव ते तृतीयांश हिस्सा गळती, चोरी आणि मोजणीतल्या चुकांत जातो, असे महापालिकेचेच वेगवेगळ्या वर्षांचे आकडे सांगतात. पाव हिस्सा धरला तरी ते रोजचे साडेनऊशे दशलक्ष लिटर होतात. प्रस्तावित गारगाई धरणातून मिळायचे आहेत ४४० दशलक्ष लिटर. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प पहिल्या टप्प्यात २०० दशलक्ष लिटरचा. धरणासाठी जंगल बुडवावे लागते आणि समुद्राचे पाणी गोडे करायला वीज जाळावी लागते. गारगाई आणि पिंजाळची शिफारस माधवराव चितळे यांच्या समितीने १९९० च्या दशकात केली होती. वाढत्या शहराला नवे स्रोत लागतील, हे खरेच आहे. पण गळक्या मडक्यात दुसरी विहीर ओतण्याआधी मडके लिंपायला नको का?

लिंपण का होत नाही, याचे उत्तर पैशाच्या वाटेत सापडते. पैसा नाही असे म्हणावे तर महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. धरण, बोगदा, शुद्धीकरण केंद्र यांना पैसा मिळतो, कारण त्यांचा आराखडा एक, निविदा एक, ठेकेदार एक आणि उद्घाटनही एक. जागतिक बँकेने १९७३ पासून मुंबईच्या पाणी प्रकल्पांना कर्जे दिली. मध्य वैतरणाला केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेचा हातभार लागला. गल्लीतल्या हजार छोट्या दुरुस्त्यांना असा धनी मिळत नाही. तिथे खणायला परवानगी लागते, वस्तीशी बोलावे लागते, आणि दुरुस्ती झाली की दाखवायला काही उरत नाही.

खासगी मार्गाने हे काम करून पाहण्याचे प्रयत्न झाले. २००६-०७ च्या सुमारास अंधेरीच्या के पूर्व विभागात जागतिक बँकेच्या मदतीने अभ्यास झाला, पण खासगीकरणाच्या भीतीने लोक उभे ठाकले आणि तो विषय मागे पडला. २०१४ मध्ये एका फ्रेंच कंपनीला वितरण सुधारण्याचे काम मिळाले. मुलुंड आणि वांद्रे पश्चिम इथे चोवीस तास पाणी द्यायचे ठरले होते, पण तो पल्ला गाठता आला नाही. यातल्या निवडीकडे पाहा. प्रयोगाला अंधेरी, वांद्रे, मुलुंड. गोवंडी कुठल्याच यादीत नाही. जिथे बिल वसूल होते, तिथेच प्रयोग होतो.

बिलाबद्दलचा एक समज मात्र खोडून काढायला हवा. झोपडपट्टीतले लोक पाण्याला पैसे मोजत नाहीत, असे चारचौघांत सहज बोलले जाते. महापालिकेचा झोपडपट्टीचा दर हजार लिटरला पाच रुपयांच्या आसपास आहे. नळ नसलेल्या घराने वीस लिटरचा कॅन दहा रुपयांना घेतला असे धरले, तर हजार लिटरला पाचशे रुपये होतात. शंभरपट. गोवंडीची बाई शहरातले सगळ्यात महाग पाणी विकत घेते. तो पैसा महापालिकेच्या तिजोरीत येत नाही, एवढाच फरक.

शिवाय अनेक वर्षे या घरांना नळ मागण्याचाच हक्क नव्हता. १९९६ च्या शासकीय परिपत्रकाने पाणी झोपडीच्या कटऑफ तारखेला बांधले; त्या तारखेनंतर बसलेल्या झोपडीला नळ नाही. पाणी हक्क समिती त्याविरुद्ध न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि झोपडी बेकायदा आहे म्हणून तो नाकारता येत नाही. दर जास्त लावा, पण पाणी द्या. मे २०२२ मध्ये महापालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणले. कागदावर दार उघडले. पण अर्जदाराच्या गल्लीजवळच्या वाहिनीत दाबच नसेल, तर मंजूर जोडणीतूनही हवाच यायची.

हे काम होऊ शकते याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. कराडशेजारच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साह्याने चोवीस तास पाणी सुरू केले. गावातले नळ बदलले, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, जास्त वापराला चढता दर लावला. वाहिनी कायम भरलेली असल्याने गटाराचे पाणी आत येईना आणि साठवायची गरज न उरल्याने लोक पाणी कमी वापरू लागले. मलकापूर छोटे आहे, असा आक्षेप घेतला जातो. मग ओडिशातले पुरी घ्या. तिथे २०२१ पासून नळाचे पाणी थेट पिता येते आणि बचत गटांच्या बायका 'जलसाथी' म्हणून घरोघर पाणी तपासतात, बिले गोळा करतात. आणखी मोठे उदाहरण हवे असेल तर कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. युद्धाने मोडलेल्या त्या शहरात १९९३ साली सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी हिशेबाबाहेर जात होते. पाणी संस्थेचे प्रमुख एक सोन चान यांनी ते दहा टक्क्यांच्या खाली आणले आणि गरिबांना हप्त्याने जोडण्या दिल्या. त्यांना २००६ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पैशाचेही मार्ग आहेत. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे बाजारात विकले होते.

गोवंडीसाठी मला सुचते ते याहून साधे आहे. ट्रॉम्बेच्या टाकीतून निघणाऱ्या प्रत्येक वाहिनीच्या तोंडाशी आणि शिवाजीनगरच्या प्रत्येक क्रमांकाच्या रस्त्याच्या तोंडाशी प्रवाह आणि दाब मोजणारा मीटर बसवावा. त्याचे रोजचे आकडे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर मराठीत, हिंदीत, उर्दूत लावावेत. चावीवाल्याच्या डोक्यातला नकाशा तो निवृत्त होण्याआधी कागदावर उतरवावा आणि त्यालाच त्या कामाचा प्रमुख करावा. मग एकेक गल्ली घ्यावी. मुख्य वाहिनीपासून उंबऱ्यापर्यंतची नळी पालिकेच्या खर्चाने, गटाराच्या वरून न्यावी. या कामासाठी अर्थसंकल्पात वेगळी ओळ असावी, जी दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही.

२०११ च्या जनगणनेत एम पूर्व विभागाची लोकसंख्या ८ लाख ७ हजार होती. आता ती आणखी वाढली असणार. महापालिकेचा अर्थसंकल्प दर फेब्रुवारीत मांडला जातो. तुम्ही मुंबईत कुठेही राहत असाल, तर या वेळी त्यातली पाणीपुरवठ्याची पाने उघडा आणि दोनच आकडे शोधा: गोवंडीच्या वितरण वाहिन्यांसाठी किती ठेवले, आणि गेल्या वर्षी ठेवलेल्यातले किती खर्च झाले. सापडले नाहीत, तर लेखी विचारा.