मणक्यात पोचलेला कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरचं आयुष्य कशावर?

फुफ्फुसाचा कर्करोग मणक्यात पसरल्यावर केलेली शस्त्रक्रिया रोग मुळापासून काढत नाही. मज्जारज्जूवरचा दाब कमी करते. पुढचं आयुष्य मुख्यतः तीन गोष्टींवर अवलंबून: रुग्ण आधी चालत होता का, रोग यकृत-मेंदूत गेलाय का, गाठीत ईजीएफआर किंवा एएलके जनुकबदल आहे का. बदल सापडला तर त्याच बदलावर नेमका मारा करणाऱ्या गोळ्यांनी आयुष्य बरंच लांबू शकतं. अशा रुग्णांच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज बांधणाऱ्या १९९० च्या तोकुहाशी गुणपद्धतीत जनुकबदलांचा हिशेबच नव्हता. निरनिराळ्या कर्करोगांच्या रुग्णांवरील २००५ च्या अमेरिकी चाचणीत नुसत्या किरणोपचारानंतर ५७ टक्के, आधी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले. म्हणून परळीत अशा रुग्णाच्या पायांतली ताकद जाऊ लागली, तर मालिशीत वेळ दवडू नका. त्याच दिवशी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा.