पराभवानंतरचे रंग

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांचा पराभव झाला. १८१८ च्या मंदसोर तहाने ते इंग्रजांचे मांडलिक झाले आणि इंदूर त्यांची राजधानी झाली. तलवार म्यान झाली. मराठी माणूस मात्र येथेच रुजला. १९२७ साली द. दा. देवळालीकरांच्या हाताखाली येथे चित्रशाळा सुरू झाली. ना. श्री. बेंद्रे व मकबूल फिदा हुसेन यांनी त्यांच्याकडेच धडे गिरवले. विष्णू चिंचाळकर गुरुजींनी तर वाळकी पाने, काटक्या, टाकाऊ वस्तू यांतून आकृती साकारल्या. वाचकहो, मुलखाबाहेर नांदणाऱ्या आपणा साऱ्यांची स्मृतीही अशीच उरल्यासुरल्याची असते: आजीची ओवी, दारची रांगोळी, मोडी लिपीतले जुने पत्र. अन्नपूर्णा परिसरातील आपल्या घरांतून हे तुकडे मुलांच्या हाती पडतात काय? पडले, तर चित्र ती स्वतःच जुळवतील.