हौशी गोलंदाजाचा व्यायाम : पूर्वकर्म, सराव आणि अर्धशक्ती

पावसाळा सरून मैदाने कोरडी झाली की रविवारच्या क्रिकेटला रंग चढतो आणि सोमवारपासून आपल्या चिकित्सालयांत व औषधालयांत एक ठराविक रुग्णवर्ग दिसू लागतो. वय तीस ते पन्नास, व्यवसाय बैठा, तक्रार खांद्याची, कंबरेची वा पोटरीची. 'काल षटके जरा जास्त झाली' एवढाच इतिहास सांगून रुग्ण एखादे तेल मागतो. लक्षणांवर उपचार होतो, चार दिवसांत बरे वाटते आणि पुढच्या रविवारी तोच हेतू पुन्हा घडतो. निदानपरिवर्जन हीच चिकित्सेची पहिली पायरी मानणाऱ्या आपल्या शास्त्राच्या अभ्यासकांनी या हेतूचा विचार करणे अगत्याचे आहे.

अतियोग कशाचा?

वेगवान गोलंदाज चेंडू टाकताना पुढचा पाय जमिनीवर आपटतो, त्या क्षणी शरीरभाराच्या पाचपट वा त्याहूनही अधिक भार त्या पायावर येत असल्याचे मोजमापांत आढळले आहे. त्याच वेळी कंबर मागे व बाजूला वाकून पिळली जाते आणि खांदा वेगाने फिरतो. आठ षटके म्हणजे ४८ वेळा हीच क्रिया. सहा दिवस खुर्चीत बसलेल्या देहाला ती सातव्या दिवशी एकदम करावयास लावणे म्हणजे आठवडाभराच्या अयोगावर एका दिवसाचा अतियोग रचणे होय. विकृतीचे मूळ षटकांच्या संख्येइतकेच या विषमतेत आहे.

ऑस्ट्रेलियातील वरच्या श्रेणीच्या वेगवान गोलंदाजांविषयी २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास येथे उद्बोधक आहे. गोलंदाजीच्या दोन दिवसांत सरासरी दोन दिवसांपेक्षा कमी अंतर असणाऱ्यांना दुखापतीचा धोका अधिक होता. परंतु पाच वा अधिक दिवसांचे अंतर असणाऱ्यांनाही तो अधिकच होता. हे आकडे व्यावसायिक दर्जाच्या खेळाडूंचे असल्याने ते हौशी खेळाडूला जसेच्या तसे लावू नयेत. तथापि दीर्घ विश्रांती म्हणजे संरक्षण नव्हे, हा बोध त्यालाही लागू पडतो.

सराव किती?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाचे वर्णन आहे. हितकर गोष्टींचा अवलंब पादांश क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने वाढवीत, करावा हा उपदेशही त्याच अध्यायात आहे. दोहोंची सांगड घातल्यास सरावाचा आराखडा सहज हाती येतो. ज्यास सामन्यात आठ षटके टाकावयाची आहेत, त्याने हंगामापूर्वी चार आठवडे प्रारंभ करावा. प्रत्येक सरावात पहिल्या आठवड्यात १२, दुसऱ्यात २४, तिसऱ्यात ३६ व चौथ्यात ४८ चेंडू टाकावेत. वेगही असाच क्रमाने वाढवावा. हंगामात बुधवारी व शुक्रवारी सराव ठेवल्यास दोन गोलंदाजींतील अंतर दोन ते तीन दिवसांचे राहते. शुक्रवारचा सराव अल्प व मंद असावा. आजारपणाने वा प्रवासाने काही आठवडे खंड पडल्यास पुन्हा खालच्या पादापासून आरंभ करावा. कारण स्नायूंच्या मानाने कंडरा व अस्थी भाराला सावकाश सरावतात. फिरकी गोलंदाजाच्या कंबरेवर भार कमी येत असला तरी खांदा व बोटे यांसाठी हाच क्रम हितावह आहे.

पूर्वकर्म व पश्चात्कर्म

स्नेहन-स्वेदनावाचून शोधन करू नये हे आपण जाणतो. गोलंदाजीसही पूर्वकर्म हवे, आणि त्यास पंधरा-वीस मिनिटे पुरतात. प्रथम अंगास किंचित घाम येईपर्यंत हलकी धाव. नंतर घोटे, गुडघे, नितंबसंधी, कंबर व खांदे यांच्या फिरत्या हालचाली. शेवटी चार पावलांवरून अर्ध्या वेगाने व मग पूर्ण धाव घेऊन क्रमाने दहा-बारा चेंडू. एकेक स्नायू मिनिटभराहून अधिक काळ ताणून धरण्याने पुढील काही काळ त्याची शक्ती घटते. तसे ताण खेळानंतर द्यावेत. सकाळी केलेला अभ्यंग उपकारक खरा, पण तो हालचालींची जागा घेऊ शकत नाही. अजीर्ण असता व्यायाम वर्ज्य सांगितला आहे. सामन्याआधीच्या मिसळीचा मोह म्हणूनच आवरावा. डाव संपल्यावर एकदम बसून न राहता काही मिनिटे चालावे. व्यायामोत्तर सुखकर मर्दन शास्त्रसंमतच आहे.

कोठे थांबावे?

बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीनेही शीतकाळात व वसंतात अर्धशक्तीनेच व्यायाम करावा आणि अन्य ऋतूंत त्याहून मंद, असे अष्टांगहृदय सांगते. श्वास तोंडावाटे येऊ लागणे, कपाळ, नाक, काखा व सांधे यांवर घाम येणे आणि मुखशोष ही बलार्धाची लक्षणे होत. दोन षटकांमधील अवकाशातही श्वास ताळ्यावर न आल्यास गोलंदाजाने चेंडू कर्णधाराच्या हाती परत द्यावा. १९४८ साली सुरू झालेली मुंबईची कांगा लीग पावसाळी क्रिकेटसाठीच ओळखली जाते. वर्षाऋतूत वाताचा प्रकोप व निसरडी जमीन हे दोन्ही हेतू एकत्र येतात, म्हणून तेव्हा मात्रा आणखी कमी ठेवावी.

वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

तेलाची बाटली देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : मागील गोलंदाजी कधी केली होती, सामन्याआधी अंग किती वेळ मोकळे केले, आणि वेदना नेमकी कोठे आहे? नव्या दुखापतीवर सूज असता जोरकस मर्दन टाळावे. उजव्या हाताच्या गोलंदाजाच्या कंबरेत डाव्या बाजूस, वा डावखुऱ्याच्या उजव्या बाजूस, एका ठिकाणी दुखणे, मागे वाकल्यावर ते वाढणे, विश्रांतीने शमून गोलंदाजीने परतणे, ही कटिकशेरुकेच्या सूक्ष्म भग्नाची सूचना असू शकते. तरुण वेगवान गोलंदाजांत हा विकार विशेष आढळतो आणि आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात तो दिसेलच असे नाही. अशास केवळ कटिग्रह समजून तेल देत राहिल्यास भग्न वाढते. गोलंदाजी तत्काळ बंद करवून त्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. खेळताना छातीत दडपण वा भोवळ येणाऱ्या मध्यमवयीनाने तर हृदयाची तपासणी झाल्याखेरीज मैदानात उतरूच नये.

औषधाचा खप एका बाटलीने कमी होईल. परंतु योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणाऱ्या औषधालयावर रुग्णाचा विश्वास बसतो, आणि त्याचा खेळही दीर्घकाळ चालू राहतो.