दोन कार्डे, एक मदरबोर्ड आणि चारीतले पाणी

2022 च्या दिवाळीत माझा भाचा सांगलीजवळच्या गावाहून साताऱ्याला आमच्याकडे आला, तो खिशात एक कागद घेऊनच. पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होता. उसाच्या बिलातला दिवाळीचा हप्ता बहिणीने जसाच्या तसा त्याच्या संगणकासाठी बाजूला ठेवला होता. कागदावर सुट्या भागांची यादी होती आणि खाली एक प्रश्न : ‘‘मामा, दोन ग्राफिक्स कार्डं लावली तर गेम दुप्पट पळेल ना?’’

मी ‘हो’ म्हणालो. एका जुवाला दोन बैल जुंपले की नांगर खोल जातो, असा दाखलाही दिला. मी अभियंता नाही. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करता करता संगणक शिकलो, जे मिळेल ते वाचले आणि वह्या भरल्या. पण ते ‘हो’ चुकीचे होते. ते का चुकले, हे शोधायला मला पुढचे वर्ष लागले. त्या शोधाचा हा वृत्तान्त.

कार्ड नेमके काय करते?

साध्या फुल एचडी पडद्यावर 1920 गुणिले 1080, म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. गेम डोळ्याला सलग दिसायचा तर सेकंदाला निदान 60 चित्रे लागतात. म्हणजे दर सेकंदाला 12 कोटींवर ठिपक्यांचा रंग ठरवायचा. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार खरा, पण तो मुकादमासारखा. फड त्याच्या एकट्याच्या कोयत्याने उरकत नाही. ग्राफिक्स कार्ड ही ऊसतोडीची टोळी. त्यात शेकडो-हजारो छोटे गणक एकाच वेळी एकाच प्रकारचे काम करतात.

मग दोन टोळ्या लावल्या तर काम निम्म्या वेळात व्हायला हवे. ही कल्पना जुनी आहे. 1998 मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘वूडू 2’ कार्डांची जोडी पडद्यावरच्या ओळी वाटून घेत असे. एक कार्ड सम ओळी काढी, दुसरे विषम. पुढे 2004 मध्ये एनव्हिडियाने ‘एसएलआय’ हे नाव पुन्हा वापरात आणले आणि 2005 मध्ये एटीआयचे ‘क्रॉसफायर’ आले. यात बहुधा पहिले चित्र एका कार्डाने काढायचे, दुसरे दुसऱ्याने, अशी पाळी असे. माझे ज्ञान याच काळातले होते. मी तिथेच थांबलो होतो आणि तंत्र पुढे गेले होते.

पुढे झाले असे की, नवे गेम आधीच्या चित्रातली माहिती घेऊन पुढचे चित्र सुधारू लागले. दुसऱ्या कार्डाला पहिल्याचे चित्र पुरे होईपर्यंत थांबावे लागले, तर पाळीचा फायदा उरत नाही. शिवाय दोन्ही कार्डांच्या स्मृतीत तीच सामग्री ठेवावी लागते. त्यामुळे आठ अधिक आठ गीगाबाइटचे सोळा होत नाहीत, आठच राहतात. ‘डायरेक्टएक्स 12’ आणि ‘व्हल्कन’ आल्यावर जोडी सांभाळण्याचा भार गेम बनवणाऱ्यांवर पडला आणि बहुतेकांनी तो घेतला नाही. 2020 च्या आरटीएक्स 3090 वर जोडणीची सोय होती. 2022 च्या आरटीएक्स 4090 वर ती काढून टाकलेली होती.

याचा अर्थ अनेक कार्डे एकत्र काम करूच शकत नाहीत, असा नाही. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक अशा शेकडो प्रोसेसरांच्या बळावरच नोव्हेंबर 2020 च्या जागतिक यादीत 63 व्या क्रमांकावर होता. पण तिथले काम आधीच तुकडे पाडता येईल असे असते. गेमचे काम तसे नसते. कामाचा स्वभाव न पाहता यंत्र निवडले, ही माझी पहिली चूक.

सोळा चाऱ्या

दुसरी चूक मदरबोर्डाची. कऱ्हाडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून खानापूर-आटपाडीकडे नेले जाते, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. नदीत पाणी कितीही असो, शेतात किती पोचेल ते चारीच्या रुंदीवर ठरते. मदरबोर्डावरच्या ‘पीसीआय एक्स्प्रेस’ मार्गिका म्हणजे या चाऱ्याच.

एएमडीच्या एएम4 जातीच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांतून 24 मार्गिका निघतात : 16 कार्डासाठी, 4 वेगवान एसएसडीसाठी आणि 4 चिपसेटसाठी. बाकीच्या बहुतेक खाचा चिपसेटच्या त्या चारांवर पाणी पितात. काही महाग मदरबोर्ड सोळाचे आठ-आठ करतात, स्वस्तातले करत नाहीत. आम्ही घेतला होता बी450 चिपसेटचा बोर्ड. त्यावर कार्डाच्या लांबीच्या दोन खाचा पाहून मी खूश झालो. पण पहिली खाच तिसऱ्या पिढीच्या 16 मार्गिकांची, सेकंदाला सुमारे 16 गीगाबाइट नेणारी. दुसरी दिसायला तेवढीच लांब, पण आत दुसऱ्या पिढीच्या चारच मार्गिका, म्हणजे सुमारे 2 गीगाबाइट. एक अष्टमांश! पुस्तिकेत हे छापलेले होते. मी पुस्तिका उघडली नव्हती.

तिसरी चूक विजेची. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचे ‘खाणकाम’ बंद केले आणि वापरलेली कार्डे बाजारात स्वस्त झाली. आम्ही आरएक्स 580 ची जोडी घेतली. प्रत्येकी 185 वॅट, दोन्हींचे 370, प्रोसेसरचे 65. एवढ्यातच 435 झाले. पंखे, डिस्क यांचे वेगळेच. आणि पॉवर सप्लाय 450 वॅटचा! वर घराचे अर्थिंग कच्चे. तिसऱ्या आठवड्यात जळका वास आला. सप्लाय गेला, सोबत एक कार्डही गेले.

बहीण फोनवर एवढेच म्हणाली, ‘‘दादा, तू सांगितलंस म्हणून मी विचारलं नाही.’’ रागावली असती तर बरे वाटले असते.

मग कसे निवडावे?

त्यानंतर मी क्रम उलटा केला. आधी पडदा आणि काम ठरवावे. फुल एचडी पडद्यासाठी 4के चे कार्ड घेऊ नये. 4के ला चौपट ठिपके लागतात. मग एकच, पण पुरेशा स्मृतीचे कार्ड निवडावे. आज 8 गीगाबाइटच्या खाली जाऊ नये.

नंतर कार्ड आणि बोर्ड यांची गाठ पाहावी. आरएक्स 6500 एक्सटी स्वस्त वाटले होते, पण ते चारच मार्गिका वापरते आणि त्यावर स्मृतीही 4 गीगाबाइट. चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते निभावते, आमच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर निम्मी चारी मिळून अडखळते. आरएक्स 6600 आठ मार्गिका वापरते, त्यावर 8 गीगाबाइट स्मृती आहे आणि त्याला लागतात 132 वॅट. जुन्या बोर्डावरही त्याचे फारसे अडत नाही. म्हणून बोर्ड न बदलता आम्ही तेच घेतले. उरलेले जुने कार्ड विकले आणि बाकीची भर मी घातली.

शेवटी वीज. खाचेतून कार्डाला 75 वॅट मिळतात, सहा पिनांच्या जोडातून 75 आणि आठ पिनांच्या जोडातून 150. सगळी बेरीज करून वर निदान तिसरा हिस्सा मोकळा ठेवावा. यूपीएसवरचा ‘व्हीए’ म्हणजे वॅट नव्हेत. घरगुती 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो. आणि कार्डावर पैसे घालण्याआधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. गावाकडच्या घरात हा खर्च सर्वांत कमी आणि सर्वांत गरजेचा.

तो संगणक अजून चालू आहे. भाचा गेम खेळतो आणि त्रिमितीय चित्रेही बनवतो. गेल्या महिन्यात बहिणीचा फोन आला. शेजारच्या मुलाला संगणक घ्यायचा आहे, यादी पाठवू का, म्हणाली. मी म्हटले, यादी पाठव, पण आधी बोर्डाची पुस्तिका पाठव. ती हसली आणि म्हणाली, ‘‘दोन्ही पाठवते. या वेळी मीही वाचणार आहे.’’